लघवीची घाई थांबवणारी गोळी आणि कोरडं पडणारं तोंड

मूत्राशयाच्या गोळ्यांच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला एक कागद असतो. आपल्याकडे तो हाती पडतच नाही, कारण दुकानदार पट्टीतल्या दहा गोळ्या कापून देतो. पडला आणि वाचला, तर माणूस गोंधळतो. दुखणं लघवीचं आणि कागदावर लिहिलंय तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, धूसर दिसणं, छातीत धडधड, उतारवयात बुद्धिभ्रम. लघवीच्या गोळीचा जिभेशी, डोळ्यांशी आणि मेंदूशी संबंध काय? संबंध आहे, आणि या सगळ्या त्रासांमागे कारणही एकच आहे. ते कळलं की कोणाला कोणती गोळी सोसेल याचा बराचसा अंदाज आपल्यालाही बांधता येतो.

आधी दुखण्याबद्दल थोडं. निरोगी मूत्राशयात साधारण चारशे ते पाचशे मिलिलीटर लघवी मावते. ते भरत असताना त्याच्या भिंतीतला स्नायू सैल राहतो आणि आपण संडास-बाथरूमपाशी पोचून ठरवलं की मगच आवळतो. ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’मध्ये तो आपल्या परवानगीची वाट बघत नाही. मूत्राशय अर्धंही भरलेलं नसतं आणि एकदम अशी कळ येते की आत्ताच्या आत्ता जायला हवं. दिवसात आठापेक्षा जास्त खेपा, रात्री झोपेतून उठणं, कधी दारापर्यंत पोचेपर्यंत कपडे ओले होणं, ही त्याची लक्षणं. मुख्य खूण मात्र ती अनावर घाई.

हे निदान चिकटवण्याआधी बाकीचे संशयित तपासावे लागतात. लघवीतला जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, मूतखडा, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, यातलं काहीही असंच सोंग आणतं. म्हणून लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर बघितल्याशिवाय गोळी सुरू करू नये. लघवीतून रक्त जात असेल तर ते या आजाराचं लक्षण नाही, त्याचा शोध वेगळा घ्यावा लागतो. खोकताना, शिंकताना, हसताना थेंब गळत असतील तर तोही वेगळा प्रकार. त्यात ओटीपोटाखालच्या स्नायूंचा आधार सैल पडलेला असतो आणि या लेखातल्या गोळ्यांचा त्यावर काडीचा उपयोग होत नाही. अनेक बायकांना दोन्ही त्रास एकत्र असतात, आणि गोळीने एक थांबून दुसरा राहिला की ‘औषध लागू पडलं नाही’ असा समज होतो.

आता गोळीकडे. मूत्राशयाचा स्नायू आवळतो तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या निरोपावरून. मज्जातंतूच्या टोकाशी ते सुटतं, स्नायूवरच्या ‘मस्कारिनिक’ रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं आणि स्नायू आवळला जातो. या रिसेप्टरचे पाच उपप्रकार आहेत आणि मूत्राशय आवळण्याचं काम प्रामुख्याने तिसरा, म्हणजे एम-३, करतो. या आजारावरच्या जुन्या गटातल्या सगळ्या गोळ्या तिथे आधीच जाऊन बसतात, त्यामुळे ॲसिटिलकोलिनला जागा मिळत नाही. स्नायू शांत राहतो, घाई कमी होते.

अडचण अशी की ही चावी एकाच कुलपाची नाही. तशीच कुलपं शरीरभर आहेत: लाळेच्या ग्रंथींत, आतड्यांत, बुबुळात, घामाच्या ग्रंथींत, हृदयात आणि मेंदूत. लाळेच्या ग्रंथींना निरोप मिळाला नाही की तोंड कोरडं पडतं. आतड्यांची चाल मंदावली की पोट साफ होत नाही. डोळ्यातला स्नायू ढिला पडला की जवळचं वाचताना अक्षरं धूसर होतात. घाम कमी येतो. मेंदूत तर ॲसिटिलकोलिन आठवण आणि लक्ष यांच्यासाठीच कामाला असतं. म्हणजे ज्याला आपण दुष्परिणाम म्हणतो तो गोळीचा खरा परिणामच, फक्त नको त्या ठिकाणी झालेला.

महाराष्ट्रातल्या गावांना हे सगळं चित्र एका वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. धोतऱ्याचं बी पोटात गेलेला माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल: तोंडाला कोरड, लालबुंद चेहरा, विस्फारलेली बुबुळं, असंबद्ध बडबड, हवेत काहीतरी पकडल्यासारखे हातवारे, आणि तुंबलेली लघवी. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलॅमिन ही द्रव्यं असतात आणि ती याच रिसेप्टरवर जाऊन बसतात. मूत्राशयाच्या गोळ्या धोतऱ्यापासून बनत नाहीत, त्या कारखान्यात तयार होतात, पण घराणं तेच. त्या यादीतलं शेवटचं लक्षण तेवढं मोजक्या मात्रेत मिळवायचं आणि बाकीची टाळायची, अशी ही सगळी खटपट आहे. (धोतरा हे औषध म्हणून घरी करून बघण्याची गोष्ट नव्हे. विषारी मात्रा आणि सोसेल ती मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, आणि माणसं दगावतात.)

जुन्या गटातल्या गोळ्या

या गटातली सर्वांत जुनी आणि स्वस्त गोळी ऑक्सिब्युटिनिन. अमेरिकेत तिला १९७५ मध्ये मान्यता मिळाली. गुण येतो, पण तोंड कोरडं पाडण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. त्याचं कारण मजेशीर आहे. गोळी पोटातून यकृतात गेली की तिथे तिचं एक उपद्रव्य तयार होतं आणि कोरडेपणाचा मोठा वाटा त्याचा असतो. म्हणूनच तेच औषध कातडीवर चिकटवायच्या पट्टीतून दिलं की यकृताचा पहिला फेरा चुकतो आणि तोंड पुष्कळ कमी सुकतं, मात्र पट्टीखालची कातडी खाजते. शिवाय ऑक्सिब्युटिनिन मेंदूत सहज शिरतं. साधी, दिवसातून दोन-तीनदा घ्यायची ऑक्सिब्युटिनिनची गोळी थकलेल्या, वृद्ध माणसाला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनेही प्रकृती एकदम ढासळू शकेल अशा वृद्ध स्त्रियांसाठी हीच सूचना केलेली आहे.

त्यानंतर टोल्टेरोडिन आलं, १९९८ मध्ये. २००४ मध्ये सोलिफेनासिन आणि डॅरिफेनासिन यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर सोलिफेनासिन बरंच दिसतं: पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा, गरज पडली तर दहा. दहाचा फायदा थोडा जास्त आणि कोरडही जास्त, त्यामुळे पाचवर भागत असेल तर वर चढण्यात अर्थ नाही. ज्यांच्या ईसीजीमध्ये क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं आहे त्यांनी सोलिफेनासिनबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं. डॅरिफेनासिन एम-३ला त्यातल्या त्यात नेमकं धरतं, म्हणून मेंदूवर तुलनेने कमी भार. पण आतड्यांतही एम-३च असल्याने बद्धकोष्ठता करण्यात ते पुढे. ज्यांचं पोट मुळातच आठवड्यातून तीनदा साफ होतं त्यांना ही गोळी कशी मानवेल ते सांगायला नको.

ट्रॉस्पियम या सगळ्यांत वेगळं. त्याच्या रेणूवर विद्युतभार असतो, त्यामुळे रक्तातून मेंदूत शिरण्याची वाट त्याला जवळपास बंद असते. वृद्धांसाठी हा मोठा गुण आहे. पण ते रिकाम्या पोटीच घ्यावं लागतं, जेवणासोबत घेतलं तर अंगी लागत नाही. शिवाय ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं असेल, तर मात्रा कमी करावी लागते.

कोरड आणि बद्धकोष्ठता यांना किरकोळ म्हणून झटकून टाकू नये. तोंड कोरडं पडलं की माणूस घोटाघोटाने पाणी पीत राहतो, त्याने लघवी वाढते आणि ज्या खेपा कमी करायला गोळी घेतली त्याच पुन्हा होतात. आतड्यात मळ साचला की तो मूत्राशयावर दाबतो आणि घाई परत येते. दोन्हीकडून गोळी स्वतःचंच काम बिघडवते. म्हणून गोळी सुरू होते त्याच दिवसापासून पोटाची काळजी घ्यावी: भाजी, फळं, गरज असेल तर रात्री इसबगोल. कोरडेपणाला बिनसाखरेचं च्युइंगम किंवा बडीशेप चघळणं बरं. गोळ्या-चॉकलेटं चोखत बसू नये, कारण लाळ हेच दातांचं संरक्षण, ती आटली की दात भराभर किडतात. कवळी वापरणाऱ्यांना ती टोचू लागते, सैल वाटते, आणि ते दाताच्या डॉक्टरकडे जातात. तिथे लघवीच्या गोळीचा विषय निघतच नाही.

घाम कमी येण्याचा मुद्दा थंड देशांत तळटीपेत जातो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तो तळटीपेत ठेवून चालणार नाही. पारा पंचेचाळीसकडे असताना घाम हाच शरीर थंड ठेवण्याचा मार्ग असतो. या गोळ्या घेणाऱ्यांनी भर उन्हातली कामं टाळावीत, आणि ताप चढला, गरगरलं, तर साधा ताप समजून घरी थांबू नये.

कोणाला या गोळ्या मुळीच चालत नाहीत? ज्यांची लघवी तुंबते त्यांना, ज्यांचं जठर अन्न पुढे ढकलत नाही त्यांना, आणि नियंत्रणात नसलेल्या अरुंद कोनाच्या काचबिंदूच्या रुग्णांना. काचबिंदूचे प्रकार दोन. उघड्या कोनाच्या काचबिंदूत बहुधा अडचण येत नाही, अरुंद कोनाच्या प्रकारात डोळ्यातला दाब एकाएकी चढू शकतो. आपला प्रकार कोणता हे पुष्कळांना माहीत नसतं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. गोळी चालू असताना डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती वलयं दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकवणारा आजार) असलेल्यांनीही या गोळ्यांपासून दूर राहिलेलं बरं.

आजींचा औषधांचा डबा

तरुण माणसाला तोंड सुकल्याचं लगेच कळतं आणि तो तक्रार करतो. पंचाहत्तरीच्या आजींच्या बाबतीत वेगळंच घडतं. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी त्या तीच गोष्ट पुन्हा विचारतात, संध्याकाळी घर ओळखीचं वाटत नाही म्हणतात, रात्री उठून भलत्या दिशेला चालू लागतात. घरचे म्हणतात, वय झालं. पण नवी गोळी लागल्यानंतर उमटलेला गोंधळ वयाच्या खात्यावर टाकण्याआधी डॉक्टरांना फोन करायला हवा. गोळी थांबवल्यावर असा गोंधळ बहुतेकदा ओसरतो.

दीर्घकाळाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं, रोज, भरपूर प्रमाणात ॲसिटिलकोलिनची वाट अडवणारी औषधं घेतलेल्या पंचावन्न वर्षांवरच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं, आणि त्यात मूत्राशयाच्या या गोळ्याही होत्या. गोळीमुळेच स्मृतिभ्रंश झाला असं यातून सिद्ध होत नाही. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीलाही लघवीवरचा ताबा सुटू लागतो, म्हणजे कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवणं अवघड. तरीही वृद्धांना ही औषधं कमीत कमी काळ, कमीत कमी मात्रेत द्यावीत, इतकी सावधगिरी आता जगभर बाळगली जाते.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते बेरजेकडे. मूत्राशयाची गोळी एकटी नसते. सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, खाज सुटली म्हणून फेनिरामिन किंवा हायड्रॉक्सिझिन, पोटात मुरडा आला म्हणून डायसायक्लोमिन, झोपेसाठी नाहीतर नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन, पार्किन्सनसाठी ट्रायहेक्सीफेनिडिल. ही सगळी औषधं कमीअधिक प्रमाणात त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतात. चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या चार सौम्य गोळ्या एका पोटात एकत्र येतात तेव्हा त्या सौम्य उरत नाहीत. त्यातल्या काही तर चिठ्ठीशिवाय, नुसतं नाव सांगून दुकानातून आणलेल्या असतात.

एक उलटा प्रकारही सर्रास घडतो. स्मृतिभ्रंशासाठी दिलं जाणारं डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलिन वाढवतं. ते मूत्राशयातही वाढतं आणि लघवीची घाई सुरू होते. मग घाईसाठी दुसरी गोळी येते, जी ॲसिटिलकोलिनची वाट अडवते. एक गोळी गॅस मोठा करते, दुसरी बारीक करते, आणि बिल दोन्हींचं भरायचं. मधुमेहात दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून लघवी वाढते. बी.पी.साठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रीची झोप मोडणारच. नवी गोळी वाढवण्याआधी असली एखादी जुनी गोळी बदलता येते का, तिची वेळ पुढेमागे होते का, हे विचारायलाच हवं. पण कोणतीही गोळी आपली आपण बंद करायची नाही.

वेगळ्या वाटेने जाणारी गोळी

मूत्राशयाचा स्नायू सैल पाडण्याची शरीराची स्वतःची एक सोय आहे: बीटा-३ नावाचे रिसेप्टर. आवळण्याचा निरोप अडवण्याऐवजी सैल पडण्याचा निरोप वाढवावा, या विचारातून मिराबेग्रॉन आलं. २०११ मध्ये जपानमध्ये आणि २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गुण जुन्या गोळ्यांइतकाच, त्याहून चमत्कार नाही. पण लाळ, आतडी आणि आठवण यांना ते फारसं छळत नाही, आणि हाच त्याचा मोठा फायदा. भारतात ते आता अनेक कंपन्यांचं मिळतं. पंचवीस मिलिग्रॅमपासून सुरुवात करून पन्नासपर्यंत जाता येतं. औषध हळूहळू सुटावं अशी गोळीची रचना असते, तेव्हा ती तोडून, चावून घ्यायची नाही.

तिचा स्वतःचा त्रास रक्तदाबाचा. बहुतेकांत तो थोडासाच वाढतो, पण ज्यांचा वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० याच्या पुढे आहे आणि आटोक्यात नाही त्यांना ती देत नाहीत. इतरांनीही सुरू करण्याआधी बी.पी. मोजून लिहून ठेवावं आणि नंतर अधूनमधून बघावं. डोकेदुखी होते, क्वचित ओठ-चेहऱ्यावर सूज येते. अशी सूज आली तर गोळी थांबवून तडक दवाखान्यात जायचं. आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर दिसत नाही: काही औषधं यकृतातून बाहेर टाकण्याची क्रिया मिराबेग्रॉनमुळे मंदावते. मेटोप्रोलॉल त्यांतलं एक, आणि ते आपल्याकडे हृदयाच्या किती रुग्णांना चालू असतं ते पाहता हे सांगणं भाग आहे. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनीही डॉक्टरांशी आधी बोलावं. याच जातीचं व्हायबेग्रॉन नंतर आलं. त्याने रक्तदाबात म्हणण्यासारखा फरक पडत नाही आणि इतर औषधांच्या कामात ते कमी लुडबुडतं.

पुरुषांसाठी एक वेगळी चौकी आहे. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवीची घाई अडथळ्यामुळेही होऊ शकते. अशा वेळी स्नायू शांत करणारी गोळी थेट दिली तर लघवी पुरती तुंबण्याचा धोका असतो. म्हणून सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते ते बघतात, आधी टॅम्सुलोसिनसारखी वाट मोकळी करणारी गोळी देतात, आणि घाई उरलीच तर ही जोडतात. काही तास लघवीच झाली नाही आणि ओटीपोट फुगून दुखू लागलं, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

अपेक्षा किती ठेवावी? खोट्या गोळीशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत या औषधांनी दिवसाकाठी सरासरी जेमतेम एखादी खेप कमी झाली. काहींना खूप फरक पडतो, काहींना अजिबात नाही. गुण यायला चार आठवडे, मिराबेग्रॉनच्या लहान मात्रेला आठही लागतात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. फायदा उशिरा, तोटा लवकर, त्यामुळे निम्म्याहून जास्त माणसं वर्षाच्या आत गोळी सोडून देतात, आणि पुष्कळजण डॉक्टरांना न सांगता. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. कारण एक गोळी सोसली नाही तर दुसरी सोसू शकते, मात्रा कमी करता येते, सोलिफेनासिनच्या लहान मात्रेला मिराबेग्रॉनची जोड देता येते. पण ‘तोंड सुकतं म्हणून सोडली’ एवढं वाक्य डॉक्टरांच्या कानावर जायला हवं.

गोळीच्या आधी, आणि गोळीसोबतही, तीन दिवसांची वही ठेवावी. किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती मिलिलीटर भरलं, काय आणि किती प्यायलो. चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्रीच होत असेल तर दोष मूत्राशयाचा नसून रात्री जास्त लघवी तयार होण्याचा असतो, आणि तिथे या गोळ्या फारसं काही करत नाहीत. चहा-कॉफी कमी केल्याने अनेकांना फरक पडतो. पाणी तोडणं मात्र चूक. एसटीच्या प्रवासात जायची सोय नसते म्हणून दिवसभर तहानलेल्या राहणाऱ्या बायकांची लघवी दाट होते आणि ती मूत्राशयाला आणखी चेतवते. घाई आली की धावण्याऐवजी जागेवर थांबून ओटीपोटाखालचे स्नायू पाच-सहा वेळा झटक्यात आवळायचे, कळ ओसरली की मग चालत जायचं. ही सवय लागायला आठवडे जातात, पण हिचा दुष्परिणाम काही नाही. पाळी गेलेल्या बायकांना योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाचाही उपयोग होतो.

गोळ्या थकल्या तरी उपचार संपत नाहीत. दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत शंभर युनिट बोटॉक्स टोचतात, त्याचा परिणाम साधारण सहा महिने टिकतो. शंभरातल्या पाच-सहा जणांची लघवी त्यानंतर अडते आणि काही काळ दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून ती काढावी लागते, म्हणून ते तंत्र आधी शिकवून मगच सुई टोचतात. ज्यांना हे नको त्यांना घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईतून सौम्य विजेचे झटके देण्याचा उपाय आहे: आठवड्यातून एकदा, अर्धा तास, असे बारा आठवडे, आणि गुण आला तर पुढे महिन्यातून एखाद्या वेळी.